स्वस्त काडतूस आणि रायफलीची नळी

नेमबाज सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमुळे पनवेलला एअर रायफल परिचयाची आहे. मी बोलणार आहे त्यापुढच्या रायफलीबद्दल, पॉइंट टू-टू (.२२) रायफलीबद्दल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला हिच्यावर विश्वविजेत्या झाल्या आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी हिच्यावरच कांस्यपदक मिळवलं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ती एनसीसीत चालवली असेल.

या रायफलीच्या काडतुसाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची आणि बहुधा उघड्या शिशाची असते. वर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर, बाकी काही नाही. तो थर कुठे तुटला की शिसं नळीला फासलं जातं; विशेषतः गोळी नळीतल्या पेचांत शिरते त्या जागी. स्वस्त मालात हा थर कमीजास्त असतो, दारूही प्रत्येक काडतुसात सारखी नसते. चेंबरच्या तोंडाशी शिसं आणि जळकट राख यांचं कडक कडं धरतं आणि निशाण्यांचा पुंजका पसरू लागतो. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, तिथे एवढा फरकसुद्धा भोवतो.

तरीही सगळा दोष काडतुसाला देणं मला पटत नाही. या गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास असतो. नळी आतून गुळगुळीत असेल तर एवढ्या वेगाला शिसं फारसं चिकटत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तेलाविना कपाटात पडलेल्या नळीला मात्र गंजाचे खड्डे पडतात, आणि ते कानशीसारखे शिसं खरवडून घेतात. मग महागडं जर्मन काडतूसही तिथे हतबल!

सफाईच्या नावाखाली होणारं नुकसान तर वेगळंच. उघडी लोखंडी सळई पुढच्या तोंडातून खुपसायची आणि जोर लावून घासायचं, ही सवय शिशाहून घातक आहे. तोंडाची कड झिजली की नेम कायमचा गेला. बोल्ट काढून, मागून, गाइड लावून, आवरण असलेली सळई घाला. चिंधी नाहीतर फेल्टचा बोळा वापरा, घाई नको. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, कारण नळीत वंगणाचा थर पुन्हा बसायचा असतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख करून झोपणारा खेळाडू सकाळी स्वतःलाच अडचणीत आणतो. काडतुसाचा ब्रँड बदलला तरी पहिल्या काही गोळ्या अशाच इकडेतिकडे जातात.

सरावाला स्वस्त काडतूस खुशाल वापरा. पण घ्याल ते एकाच लॉटचं घ्या आणि आपल्या रायफलीवर पुंजका तपासूनच साठा करा.

पालकांना एक विनंती आहे. फासलेलं शिसं नळीतच थांबत नाही, ते बोटांवर आणि बाहीवरही येतं. रेंजवरून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवून घ्या, मगच डबा उघडू द्या.