गर्भवतीची विश्रांती, आहार आणि मनःस्वास्थ्य



२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयीच्या विधेयकास पाठिंबा देताना परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले की, मातेस प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु शेतात मजुरीने राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींस अशी पगारी रजा बहुधा मिळत नाही. त्यांना विश्रांती द्यावयाची ती घरानेच.

म्हणून आपणांस सांगणे आहे. गर्भवतीने सर्वांमागून उरलेसुरले खावे, ही रीत दीक्षेबरोबरच टाकून द्या. अंगात रक्त कमी असेल तर बाळंतपण जिवावर बेतते. सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. त्या १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. किमान चार वेळा तपासणी करवून घ्या.

शरीराइतकेच मनही जपा. झोप न येणे, सतत रडू येणे, कशातही गोडी न वाटणे, असे दोन आठवडे चालले तर तो आजार असू शकतो. ती बाहेरची बाधा नव्हे, सोंगही नव्हे. देवऋषी, अंगारा यांच्या नादी न लागता डॉक्टरांस दाखवा. मुलगी झाली तर काय, या धाकात तिला ठेवू नका. पतीने पाण्याची घागर स्वतः उचलावी. सासूने मायेने विचारपूस करावी.

ज्या घरात गर्भवती निर्भय असते, त्याच घरात बुद्धाची करुणा नांदते. जय भीम!