एपिसोडचा मजकूर : चिरनेर, नकाशावर शहर होण्याआधी

पनवेलमधून बोलतोय. नेहमीसारखं ट्रेनमध्ये, नाहीतर ट्रॅफिकमध्ये ऐकत असाल असं धरून चालतो.

गेल्या वर्षभरात माझ्या फोनवर ‘चिरनेर’ हा शब्द जितक्या वेळा आला, तितका त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात आला नसेल. ‘चिरनेर टच प्लॉट’, ‘तिसऱ्या मुंबईत गुंतवणूक’, ‘अटल सेतूपासून अमुक मिनिटं’. तुम्हालाही येत असतील. कारण सरळ आहे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला, तो उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. त्याच वर्षी सरकारने उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या 124 गावांचं मिळून एक नवनगर जाहीर केलं आणि ते काम एमएमआरडीएकडे दिलं. क्षेत्र सुमारे 323 चौरस किलोमीटर. नाव काय? कर्नाळा-साई-चिरनेर. म्हणजे गाव अजून गावच आहे, पण त्याच्या नावाचं शहर कागदावर तयार आहे.

मग वाटलं, हे गाव आहे तरी कुणाचं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना चिरनेर दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक महागणपतीचं देऊळ, आणि दुसरं पावसाळ्यातलं अक्कादेवीचं पाणी. रील्स तिथेच होतात. आजची गोष्ट त्याच अक्कादेवीच्या डोंगरावरची आहे.

साल 1930. हा सगळा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव 1981 मध्ये आलं). एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं, देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. पण पाऊस सुरू झाल्यावर मीठ कुठून पिकणार? म्हणून महाराष्ट्रात लोक जंगलाकडे वळले. जुलैमध्ये विदर्भात बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून सत्याग्रह केला, तिकडे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बिळाशीलाही झाला. आणि 25 सप्टेंबरला चिरनेर.

आता इथे मला जरा थांबायचंय, कारण ‘जंगल सत्याग्रह’ हा शब्द आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे जातो. झाड तोडण्यात कसला आलाय सत्याग्रह? त्यासाठी ‘राब’ माहीत पाहिजे. आपल्याकडे भाताची रोपं करायच्या आधी उन्हाळ्यात त्या तुकड्यावर डहाळ्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते भाजायचे. त्याने तण मरतं, राखेचं खत होतं, आणि मग पावसाला धूळपेर. हा पाला येणार कुठून? डोंगरावरून. म्हणजे डोंगर बंद झाला की नुसतं सरपण बंद होत नाही, भातच अडचणीत येतो. इंग्रजांच्या वनकायद्याने नेमकं तेच केलं. आधी 1878 चा कायदा, नंतर 1927 चा. ज्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्या गेल्या, तिथे कोयता घेऊन जाणं हा गुन्हा झाला. ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांची याबद्दलची तक्रार तर त्याच्याही कितीतरी आधीची. 1880 च्या दशकात सरकारला त्यावर एक आयोग नेमावा लागला होता. म्हणजे 1930 मध्ये जे पेटलं ते काही एका भाषणाने पेटलेलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी आसपासच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी गेले. सरकारी बाजूचे मामलेदार जोशी, तेही त्याच गोळीबारात मेले. मग धरपकड झाली, खटला चालला.

ती आठ नावं मी वाचून दाखवतो. घाई करू नका, स्पीड दीडपट असेल तर एकवर आणा.

चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर. चिरनेरचेच नवश्या महादेव कातकरी. कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी. मोठी जुईचे रामा बामा कोळी. धाकटी जुईचे आनंदा माया पाटील. पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील. खोपट्याचे हसुराम बुध्या पाटील. दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे.

आठ माणसं, सात गावं. आडनावं ऐकलीत? कातकरी, कोळी, न्हावी, म्हात्रे, पाटील. कुणी जंगलावर जगणारं, कुणी खाडीवर, कुणी शेतावर. आणि गवत्या, बेमट्या, बुध्या ही बापांची नावं! आज आमच्या सोसायटीत हाक मारली तर चार अथर्व नि तीन रुद्र धावत येतील. बेमट्या कुठेच नाही.

या पट्ट्यात जमिनीसाठी गोळी एकदाच चालली असंही नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा सरकार आपलंच होतं. आज प्रकल्पग्रस्त ज्या ‘साडेबारा टक्के’बद्दल बोलतात, त्या विकसित भूखंडांच्या हक्कामागे हे आंदोलन आहे.

आणि आता नवनगर. गावागावांतून हरकतींचे अर्ज गेलेत. माझ्या ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘यांना एवढे पैसे मिळणार, तरी विरोध कशाला?’ मला हा प्रश्न फार आळशी वाटतो. ज्यांच्या पणजोबांना पाल्यासाठी डोंगरावर जायला बंदी झाली होती, ते सात-बारा हातातून सोडताना दहा प्रश्न विचारणारच. किती जमीन परत मिळणार, कुठे, कधी, कुणाच्या नावावर, आणि ज्या कातकऱ्याच्या नावावर सात-बाराच नाही त्याचं काय? मी स्वतः तिथे फ्लॅट घेईन का? कदाचित घेईनही, पनवेलमध्ये भाव कुठे गेलेत बघा. पण या प्रश्नांची उत्तरं मलाही त्या ब्रोकरकडून हवी आहेत, आणि तो फक्त स्विमिंग पूलबद्दल बोलतो.

दरवर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकाजवळ कार्यक्रम होतो. पोलीस मानवंदना देतात. जायचं असेल तर गव्हाण फाट्यावरून दिघोड्याच्या बाजूने जा, पण सकाळी लवकर निघा. नंतर कंटेनरचे ट्रेलर लागले की तासभर तिथेच. आणि दिघोडे आलं की आलू म्हात्रे याच गावचे, एवढं गाडीतल्या बाकीच्यांना सांगा.