‘थायरॉईड निघाला’ आणि त्यानंतर
(स्वागताध्यक्षीय भाषण)

मुलुंडमध्ये भरलेल्या या परिषदेचा विषय दिसायला साधा आहे. दुर्मीळ आजाराला किंवा नव्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय सभांत जे वजन मिळते, ते ‘अंग दुखतं’ या तक्रारीला सहसा मिळत नाही; परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे संध्याकाळच्या वेळी दवाखान्यात बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरच्या कानांवर ‘गळून गेल्यासारखं वाटतं’, ‘पोटऱ्या वळतात’, ‘सकाळी उठावंसंच वाटत नाही’ हीच वाक्ये पुन्हा पुन्हा पडत असतात.

या तक्रारींची बोळवण बहुधा दोन प्रकारे होते. लोकलचा प्रवास, नोकरी आणि घर अशी ओढाताण असल्यावर थकवा यायचाच, असे म्हणून त्या झटकल्या जातात. नाहीतर चाचण्यांचे पॅकेज करून त्यात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की ‘थायरॉईड निघाला’ असे जाहीर होऊन दुखण्याचे सगळे खापर त्या आकड्यावर फुटते. यांपैकी दुसरी रीत शास्त्रीय दिसते, एवढाच तिचा पहिलीहून अधिकपणा, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

थायरॉईड म्हणजे गळ्याच्या पुढील भागात असणारी अवटू ग्रंथी. ती आयोडीनपासून थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे शरीरभर संदेश नेणारे द्रव्य, तयार करते आणि पेशींनी ऊर्जा कोणत्या वेगाने वापरावी हे त्यावर पुष्कळसे अवलंबून असते. थायरॉक्सिन कमी पडू लागले, की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच हे दुसरे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडून अवटू ग्रंथीला कामाला लावू पाहते. म्हणून टीएसएचचा आकडा वाढणे हे ग्रंथीचे काम मंदावल्याचे लक्षण मानले जाते. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत ही मंदता आढळली. आजार सर्रास आहे यात शंका नाही. पण जो आजार इतका सर्रास असतो, तो दुसऱ्या एखाद्या कारणाने थकलेल्या माणसातही योगायोगाने सापडू शकतो, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. टीएसएच किंचित वाढलेले आणि थायरॉक्सिन पुरेसे असलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांना थायरॉक्सिन देऊन थकवा कमी झाला नाही, असा युरोपातील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. तो तरुण रुग्णांना जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे, तरी सौम्य वाढीवर सगळे दुखणे ढकलण्यापूर्वी थांबायला लावण्याइतका तो वजनदार आहे.

परिषदेच्या स्थळाचा आणि विषयाचा एक संबंध येथे सांगण्यासारखा आहे. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग यांच्या पूर्वेला खाडीलगत मिठागरे पसरलेली आहेत, आणि समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन असणारच, असा समज अजून अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात वाफ्यात पाणी आटवून काढलेल्या मिठात आयोडीन नाममात्रच उरते. ते कारखान्यात वेगळे मिसळावे लागते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड, म्हणजे अवटू ग्रंथीची सूज, कमी होतो हे दिसून आले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आजच्या उपनगरी रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. घरात आयोडीनयुक्त मीठ असूनही ग्रंथी मंदावते, तेव्हा बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटलेली असते. १९१२ मध्ये हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने वर्णन केलेला हा विकार मीठ वाढवून बरा होत नाही. अर्थात, फॅशन म्हणून गुलाबी मिठाकडे किंवा रोजच्या जेवणातही सैंधवाकडे वळलेल्यांनी त्यात आयोडीन असेलच असे गृहीत धरू नये.

खरा गुंता लोहापाशी आहे. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने अवटू ग्रंथी थायरॉक्सिन बनवते, त्या विकराला लोह लागते. म्हणून लोहाची उणीव असलेल्या स्त्रीत ग्रंथीचे कामही अडखळते. उलट ग्रंथी मंदावली, की अनेक स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो आणि आधीच तुटपुंजे असलेले लोह त्यातून निघून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेतले तर ‘थायरॉईड निघालेल्या’ स्त्रीचे हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन न पाहता तिला गोळी सुरू करणे हे अर्धेच काम ठरते.

पोषणाची उणीव ओळखण्याचे एक जुने उदाहरण याच शहरातले आहे. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या ल्युसी विल्स या इंग्लिश रक्तविकारतज्ज्ञ परळच्या हाफकिन संस्थेत काम करत असताना गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. जंतुसंसर्ग हेच कारण असावे, असा कयास त्या काळी सहज पटला असता. परंतु त्यांनी या स्त्रियांचा आहार आणि राहणीमान तपासले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त खाद्यपदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील उपयुक्त द्रव्य, म्हणजे आजचे फॉलिक आम्ल, पालकाच्या पानांतून वेगळे व्हायला १९४१ साल उजाडले. प्रयोगशाळेतील उत्तर दहा वर्षे दूर असताना ताटाकडे पाहून उपचार सापडला, ही गोष्ट पॅकेजच्या जमान्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

फॉलिक आम्लाचे सख्खे भावंड म्हणावे असे जीवनसत्त्व ब-१२ हे रक्तपेशी आणि मज्जातंतू या दोहोंना लागते आणि ते मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ टक्के मध्यमवयीन पुरुषांत ब-१२ कमी होते, आणि हे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे ८१ टक्के, शहरी मध्यमवर्गात होते. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतील मोठ्या शाकाहारी वस्तीला हे लागू पडेल, असे मानायला जागा आहे. हातापायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणे ही लक्षणे असताना नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. हा धोका सांगून ठेवलेला बरा.

जीवनसत्त्व ड विषयी थोडक्यात. त्याच्या तीव्र उणिवेत हाडे दुखतात, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील पथकाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३५ वर्षांच्या निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्क्यांत ते कमी आढळले. सकाळचे कोवळे ऊन यासाठी उत्तम, असे घरोघरी सांगितले जाते. पण त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण ऊन चढल्यावरच पुरेसे मिळतात, आणि त्या वेळी उपनगरातील नोकरदार कार्यालयात बसलेला असतो. साठ हजार एककांची पावडर मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्याने महिनोन् महिने घेतली जाते, तिने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

निदान बरोबर झाल्यावरही गोष्ट बिघडते ती स्वयंपाकघरात. पहाटे डबे भरता भरता थायरॉक्सिनची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली जाते आणि विसरायला नको म्हणून तिच्या पाठोपाठ लोहाची आणि कॅल्शियमचीही. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचे असते, आणि लोह व कॅल्शियम त्यानंतर सुमारे चार तासांनी. एरवी औषध आतड्यातच अडकते, सहा ते आठ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत टीएसएच पुन्हा वाढलेले दिसते आणि मात्रा विनाकारण वाढवली जाते. औषधाच्या चिठ्ठीवर या वेळा मराठीत लिहून द्यायला डॉक्टरला अर्धे मिनिट लागत नाही.

थकव्यामागे मधुमेह, क्षयरोग, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही असू शकतो, याची जाणीव ठेवूनच दुपारच्या सत्रांची आखणी केलेली आहे. भोजनात नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि लिंबाची फोड आहे. लिंबातील क जीवनसत्त्वाने भाजीतील लोह अधिक शोषले जाते आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते अडते, म्हणून चहा जेवणानंतर एक तासाने मिळेल. त्याबद्दल होणारी कुरकुर ऐकून घेण्याची स्वागत समितीची तयारी आहे.