गच्चीवरचा कुत्रा का भुंकतो?



सिडकोतल्या रो-हाउसमध्ये दोन घरांना मिळून एकच भिंत असते. जिथं शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, तिथं शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकायला लागला तर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. कुणाच्या घरात दहावीचा अभ्यास चालू असतो, कुणी आजारी असतं, कुणी वाळूजच्या कंपनीतून दुसरी पाळी करून नुकतंच पाठ टेकवत असतं. त्यांची तक्रार रास्तच आहे. पण दवाखान्यात येऊन मालक ‘डॉक्टर, याचं भुंकणं बंद करायचं एखादं इंजेक्शन द्या’ असं म्हणतात, तेव्हा त्या मुक्या जिवाचीही बाजू मांडावीशी वाटते. आज तीच मांडणार आहे.

भुंकणं ही खोडी नव्हे. पूर्ण वाढलेला लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्र्याचं भुंकणं माणसाच्या सोबतीनं राहता राहता वाढलं, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ते बरंचसं आपल्यालाच उद्देशून असतं, आणि आपल्याला ते समजतंही. हंगेरीतल्या संशोधकांनी मुडी नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे आवाज वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले. अनोळखी माणूस दारात आल्यावर, चेंडू दिसल्यावर, झाडाला एकटं बांधून ठेवल्यावर. हे आवाज लोकांना ऐकवले, तेव्हा कधीही कुत्रा न पाळलेल्यांनाही बऱ्याच वेळा प्रसंग अचूक ओळखता आला. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जाड आणि भराभर येणारं भुंकणं रागाचं वाटतं. बारीक, मध्ये थांबत थांबत येणारं भुंकणं एकटेपणाचं.

आपल्या शहरात गच्च्यांवरून हा दुसरा आवाज फार ऐकू येतो. हौसेनं पिल्लू आणलं जातं. वर्षभरात ते अंगापिंडानं वाढतं, घरात आवरत नाही, आणि त्याची रवानगी गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली होते. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या पुढे जातो. खाली घरातली माणसं बोलताना त्याला ऐकू येतात, पण दिसत नाहीत. अशा कुत्र्याला शिकवण्याआधी साखळीतून सोडवायला हवं. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे: कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. फार थोड्या पालकांना हे ठाऊक असतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास त्याला बाहेर न्या, मनसोक्त वास घेऊ द्या, रात्री घरात जागा द्या. पुष्कळ घरांमधलं भुंकणं एवढ्यानंच निम्म्यावर येतं.

उरलेल्यासाठी शिकवण लागते. दारावरची घंटा वाजली, तो भुंकायला लागला, की ओरडू नका. आपण ओरडलो की त्याला वाटतं, घरचेही आपल्याबरोबर भुंकताहेत. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा त्याच्या नाकाशी न्या. वास घेण्यासाठी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी हळू आवाजात एकदाच ‘चूप’ म्हणा आणि तुकडा द्या. पुढं दोन सेकंद शांत राहिल्यावर, मग पाच, मग दहा. शब्द मात्र घरात सगळ्यांचा एकच हवा. आजी ‘गप’ म्हणतात, मुलं ‘शांत बस’ म्हणतात, बाबा चप्पल उगारतात. यातून तो काय शिकणार? आणि बक्षीस म्हणून रश्शातला तुकडा देऊ नका. कांदा कुत्र्याला विषारी असतो.

आपण जेवायला बसलो की काही कुत्रे मागण्यासाठी भुंकतात. इथं उपाय एकच, पूर्ण दुर्लक्ष. पण पहिले काही दिवस भुंकणं कमी न होता वाढतं. आजवर ज्यानं काम होत होतं त्यानं होईना, म्हणून तो आणखी जोर लावतो. नेमक्या याच वेळी कुणाला तरी दया येते आणि भाकरीचा तुकडा पडतो. तेव्हा कुत्रा एवढंच शिकतो, की आता जास्त वेळ भुंकायला हवं. हे दिवस ज्या घरानं निभावले, त्यांचं काम झालं.

घंटागाडीचंही असंच. गाडी येते, तो भुंकतो, गाडी पुढं जाते. त्याच्या हिशेबानं ती त्यानंच पळवून लावली, आणि हा विजय त्याला रोज मिळतो! गाडीवरचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. ते अगदी बारीक आवाजात लावा आणि त्याच वेळी खाऊ द्या. तो स्वस्थ राहील तसतसा आवाज वाढवत न्या. घाई करू नका.

म्हातारा कुत्रा अचानक रात्री भुंकायला लागला, तर आधी त्याला तपासून घ्या. सांधेदुखी, कमी झालेली दृष्टी, मेंदूचं वार्धक्य, यांपैकी काहीही असू शकतं. भुंकणं थांबवण्यासाठी विजेचा झटका देणारे पट्टेही बाजारात मिळतात. ते कृपा करून घेऊ नका. वेल्सनं २०१० सालीच त्यांवर बंदी घातली. झटक्यानं आवाज थांबतो, भीती मात्र वाढते, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

शेवटी शेजाऱ्यांना एक विनंती. भुंकतो म्हणून कुत्रा ठेवायलाच सोसायटीनं मनाई करू नये, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच सूचना पालकांनाही बजावतात, की विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील असं बघा. पण मालक कामावर असताना कुत्रा किती भुंकतो, हे बऱ्याचदा त्याला माहीतच नसतं. भांडायला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर वेळ लिहून ठेवा: कधी भुंकला, किती वेळ, तेव्हा गल्लीत कोण आलं होतं. तो कागद मालकाच्या हाती द्या. भुंकण्याचं कारण त्यातूनच सापडेल.