वार्धक्यांतील निवारा

मनुष्य आयुष्यांत घर शोधतो तें बहुधा दोन वेळां: एकदां संसार मांडतांना आणि एकदां तो आवरतांना. पहिल्या वेळीं तो स्वतः दहा जागा पाहतो. दुसऱ्या वेळीं पुष्कळदां दुसरेच त्याच्याकरितां जागा पाहतात, आणि सामान बांधून झाल्यावर ती त्याला दाखवितात.

पुण्यांतील असें एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. जुन्या वाड्याच्या माडीवर निपुत्रिक, विधवा आत्या एकटी राहते. भाचा परगांवीं नोकरीस. तिला जिना चढवत नाहीं, रात्रीं हाक ऐकावयास कोणी नाहीं. भाचा वृद्धाश्रमांची चौकशी करूं लागतो, तेव्हां बाग, भजन व दूरदर्शन यांचीं वर्णनें त्यास ऐकविलीं जातात. विचारावयाचें तें मात्र निराळेंच असतें. न्हाणीघरांत धरावयास कठडा आहे काय? रात्रीं कोणी जागें असतें काय? अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी आहेत काय? आणि अंथरुणास खिळल्यावर पुढें काय? पुष्कळ आश्रम हिंडत्याफिरत्या वृद्धांनाच प्रवेश देतात. प्रकृति ढासळली कीं नातेवाइकांस बोलावणें जातें. ज्या दिवशीं आसऱ्याची खरी गरज, त्याच दिवशीं तो सुटतो.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधींच्या २००७ सालच्या कायद्यानें या प्रश्नास हात घातला आहे. प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम राज्य सरकारांनीं काढावेत, अशी तरतूद त्याच्या १९ व्या कलमांत आहे. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या सज्ञान वारसाच्या ताब्यांत आहे किंवा पुढें ज्याच्याकडे जावयाची आहे, त्यानें, ऐपत असल्यास, वृद्धाचा निर्वाह चालवावा, असेंहि हा कायदा सांगतो. म्हणजे वाड्यावर हक्क सांगणाऱ्या भाच्यास आत्येचा भार नाकारतां येत नाहीं.

परंतु निर्वाह करणें निराळें आणि मत विचारणें निराळें. तें कोणतेंहि कलम करवूं शकत नाहीं. यास्तव शोध हातपाय चालते असतांनाच सुरू व्हावा. आत्येस बरोबर न्यावें; तेथें आठ दिवस राहूं द्यावें; आणि नको म्हणाली तर परतण्याची वाट मोकळी ठेवावी. भाच्याच्या यादींत नसलेला एखादा प्रश्न ती स्वतः विचारील: पहाटे पांचाला उठणाऱ्यास येथें चहा मिळतो काय? त्या प्रश्नाचें उत्तर तिच्यासमक्ष, तिलाच मिळालें पाहिजे. राहावयाचें तिला आहे.