जहाजावरच्या खुणा
(महोत्सवी सभेतील भाषण)



भोपाळला समुद्र नाही, मग जहाजावरच्या पाट्या येथे कशाला, असे आपल्याला वाटेल. पण तलाव आहेत. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे खटलापुरा घाटावर विसर्जनाची नाव उलटून अकराजण बुडाले. अंगात लाइफ जॅकेट नव्हते.

कोकणातल्या घरांत ‘रामदास’ बोटीचे नाव अजून निघते. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी तासांनी कळली.

माझी नोकरीची वर्षे जहाजावर गेली, म्हणून सांगतो. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला एक वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ असते. हिला प्लिमसॉलची रेघ म्हणतात. या ब्रिटिश खासदाराच्या खटपटीने १८७६ साली तिकडे तसा कायदा झाला. पाणी रेघेला टेकले की एक पोतेही जास्त चढवायचे नाही. मालकाला चुकवता येऊ नये म्हणून ती बाहेर रंगवतात, हे मला फार आवडते!

आत आग विझवण्याच्या सामानाच्या पाट्या लाल, सुटकेच्या हिरव्या. चार कोपऱ्यांतून चार बाण मधल्या माणसांकडे वळलेले दिसले, की संकटात जमायची जागा तीच. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. भोंगा सात वेळा आखूड आणि मग एकदा लांब वाजला, की तिकडे निघायचे.

पण धुरात पाटी दिसत नाही. १९९० साली ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ जहाजाला आग लागून १५९ माणसे दगावली. त्यातली पुष्कळ धुराने गुदमरून. धूर वर चढतो, म्हणून पुढे प्रवासी जहाजांत वाट दाखवणारी उजळ पट्टी जमिनीलगत बसवू लागले, रांगणाऱ्याला दिसेल अशी. मी मात्र नव्या जहाजावर पाऊल ठेवले की खोलीपासून डेकपर्यंत दारे मोजून ठेवीत असे. सोबती हसत.

आपल्या नावेवर ना रेघ, ना पाटी. तेथे तोंडानेच विचारावे लागते : माणसे किती बसवणार, आणि जॅकेटे कोठे आहेत? यंदा मुले मूर्ती घेऊन घाटावर जातील, तेव्हा नावाड्याला हे विचारायला मी आधीच जाऊन उभा राहणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर सभेनंतर भेटावे.