कडेवरचे मूल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेचे निमंत्रण घेऊन मंडळाचे चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी विषय सुचविला होता ‘मुलांवरील सुसंस्कार’. विषय उत्तम आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांना विनंती केली की, ज्याच्यावर संस्कार करावयाचे ते पोर रात्री अडीच वाजता रडत असते, त्या वेळी त्याच्या आईचे काय होते, यावर मला चार शब्द बोलू द्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ‘बोला, काकू’ म्हणाले. त्यांच्याही घरी सध्या सात महिन्यांची नात आहे, हे मला मागाहून कळले.

मातृत्वावर बोलण्यास आपल्या कसब्यात एक मोठी अडचण आहे. लाल महाल येथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आईचा विषय निघाला की वक्ता जिजामातेपासून आरंभ करतो. त्या माउलीपुढे कोणाचे मस्तक नमणार नाही? परंतु बाल शिवबाला ताप भरला असता, किंवा त्याने जेवावयास नकार दिला असता, ती माउली काय करीत होती, हे बखरकारांनी लिहून ठेवलेले नाही. आपल्या वाट्याला तर नेमकी तीच न लिहिलेली पाने आली आहेत. थोर मातांच्या गोष्टी ऐकून घरी परतणारी लहानशी आई पुष्कळदा उभारी घेण्याऐवजी मनातून खचते, असे मी पाहिले आहे.

मी या पेठेत सून म्हणून आले ती तांबट आळीत. आपले त्वष्टा कासार पूर्वज पेशवाईत कोकणातून पुण्यास आले आणि येथे स्थिरावले, हे आपण सर्व जाणता. मी आले तेव्हा बंब, घंगाळे, हंडे घडविणाऱ्या हातोड्यांचा आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अखंड चालू असे. आमचे घर माडीवर, खाली कारखाना. १९७१ साली माझा पहिला मुलगा झाला, तेव्हा माहेरची माणसे हळहळली की, या ठणठणाटात पोर निजेल कसे? पोर मजेत निजे. मठारकामाचे ठोके कसे एकसारखे पडतात, ते आपल्याला सांगावयास नको. त्या ठोक्यांवर त्याचा डोळा लागे. पंचाईत होई ती सुट्टीच्या दिवशी. हातोडे थांबले की हा जागा, आणि हा जागा की सारे घर जागे! शेवटी माझे सासरे तळघरातील एक पातेले आणून त्याच्यावर उलथण्याने ठोके देत बसत. ज्या गृहस्थांनी स्वतःच्या मुलांना कधी मांडीवर घेतले नव्हते, ते हे करीत होते.

ही मांडीवर न घेण्याची गोष्ट तरुण मंडळींना खरी वाटणार नाही. आमच्या काळी पुरुषाने वडीलधाऱ्यांसमोर आपल्या मुलाला उचलून घेणे असभ्य मानीत. बाप दिवसभर दहा पायऱ्या खाली, हाकेच्या टप्प्यात. परंतु मूल रडले तर वर येण्याची त्याला मुभा नाही. माझे यजमान जिन्यात उभे राहून कानोसा घेत, हे मला कित्येक वर्षांनी त्यांनीच सांगितले. आज आपल्यातील तरुण बाप बाळाचे लंगोट बदलतात, त्याला न्हाऊ घालतात. त्यावर काही वडील मंडळी नाके मुरडतात. मला त्या तरुणांचे कौतुक वाटते, आणि थोडा हेवाही.

वाड्यातील दिवस मी सोन्याचे म्हणणार नाही. पोर सांभाळावयास अकरा हात होते, हे खरे. परंतु त्याबरोबर अकरा तोंडेही होती. दूध पुरत नाही, पोर वाळले, टाळू नीट भरली नाही, याला थंडी लागली, हिला कळत नाही. पहिल्या महिन्यात बाळाचे पोट लहान असते. दोन-तीन तासांनी ते भुकेजते आणि रात्र-दिवस ओळखत नाही. यात आईचा काडीचाही अपराध नसतो. एवढी साधी गोष्ट त्या वेळी मला कोणी सांगितली नाही. पोर रडते ते माझ्या हातून काही चुकल्यामुळेच, असे मी धरून चालले होते.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

मुलगा अडीच वर्षांचा होता. धाकटी मुलगी दोन महिन्यांची. तीन रात्री तिला ताप होता. माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी मुलाने दुधाचे भांडे ओढले आणि ते सगळे चुलीपाशी सांडले. मी त्याला मारले. एक चापट नव्हे; हात थांबेना इतके मारले. कारखान्यातील भट्टीकडे अथवा तेजाबाच्या कुंडीकडे धावला म्हणून मारले असते तर मी स्वतःची समजूत घातली असती. दूध सांडल्यासाठी मारले, आणि खरे पाहता दुधासाठीही नव्हे. रडता रडता ते पोर माझ्याच गळ्यात पडले. ज्या हाताने मारले, तोच हात त्याने धरून ठेवला. दुसऱ्या कोणाकडे जावयाचे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या जिभेच्या तिखट. आता वाड्यात दवंडी पिटली जाणार, असे मला वाटले. त्या आत आल्या, पोराला घेतले आणि म्हणाल्या, “सूनबाई, तू वर जाऊन नीज. दिवे लागल्यावर उठ. पोरी रडली तर मी हाक मारीन.” बस्स. त्या दिवसाचा उच्चार त्यांनी पुढे जन्मात केला नाही. संध्याकाळी उठले तेव्हा फरशी धुतलेली होती.

सासूबाईंची एक मुलगी देवीच्या साथीत गेली होती. तिसऱ्या वर्षी. मला हे ठाऊक होते. परंतु त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला. रोज तीट लावणे, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे, जरा शिंक आली की वेखंड उगाळणे, या त्यांच्या हट्टांचा मला जाच वाटे. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. पोलिओतून देश मुक्त झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले. आपल्या मुलांना ज्या भयाची सावलीही ठाऊक नाही, त्या भयात त्या पिढीने मुले वाढविली. म्हणून माझ्या तरुण भगिनींना सांगते, डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे सहा महिने बाळाला आपल्याच दुधावर ठेवा. एक वर्षापर्यंत मध चाटवू नका, त्यातून विषबाधेचा धोका असतो. काजळ डोळ्यांत घालू नका. गुटी उगाळूच नका. परंतु घरातील आजी मधाची बाटली घेऊन आली तर तिला अडाणी म्हणू नका. तिला हे समजावून सांगा, आणि तिच्या हाती बाळाला तेल लावण्याचे काम द्या. ते काम तिला तुमच्यापेक्षा चांगले येते.

दुसरी गोष्ट अधिक जपून सांगावयाची आहे. आमच्या नात्यातील एक लेक बाळंत झाली आणि हळूहळू बोलेनाशी झाली. बाळाकडे पाहीना, अन्नाला शिवेना, भिंतीकडे तोंड करून निजे. कोणी म्हणाले नखरे, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. देवऋषी झाले, उतारे झाले. चार महिने गेले. ती मला एकदाच म्हणाली, “वहिनी, हे बाळ माझे आहे असे मला वाटतच नाही.” मी तिला काय उत्तर दिले असेल? “असे बोलू नये,” म्हणाले. त्या उत्तराची टोचणी मला आजही आहे. पुढे एका शहाण्या डॉक्टरांनी तो आजार ओळखला आणि औषधोपचाराने ती बरी झाली. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवस रडू येणे, मन हळवे होणे हे पुष्कळ जणींना होते आणि आपोआप ओसरते. त्यापुढेही ते टिकले, झोप-भूक गेली, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाविषयी भलते विचार येऊ लागले, तर तो ज्वरासारखाच आजार आहे, आणि त्याला डॉक्टर हवा. भलते विचार आले असतील तर एका दिवसाचाही विलंब नको, आणि त्या बाईला एकटी ठेवू नका. माझ्या नात्यातल्या त्या लेकीचे चार महिने आपल्या सर्वांच्या अज्ञानाने गेले.

मुले जरा मोठी झाल्यावर मी बालवाडीत शिकवू लागले. तेथे ताराबाई मोडक यांच्या कार्याची मला ओळख झाली. राजकोटच्या महिला महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून या विदुषी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या; १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला; पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीस काम आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारी योजना निघाली, तिने हेच नाव घेतले. बाळाला मारू नये, तसेच आमिषही दाखवू नये, हा गिजुभाई-ताराबाईंचा आग्रह. पहिला अर्धा भाग मी दूध सांडले त्या दिवशी शिकले होते. दुसरा शिकावयास मला बरीच वर्षे लागली. दोन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, तेव्हा ते हट्टी नसते. त्याची इच्छा पुरी वाढलेली असते आणि शब्द अजून अपुरे असतात. जूनमध्ये बालवाडीच्या दारात मुले रडत. ती दहा मिनिटांत गप्प होत. भिंतीआड उभ्या राहिलेल्या आया मात्र अर्धा-अर्धा तास डोळे पुशीत. त्यांच्यासाठी शाळा कोणी काढली नव्हती.

आता आळीत थोडेच हातोडे उरले आहेत. स्टेनलेस स्टील आले, बंब गेले, आपली कुटुंबे कोथरूडला, धायरीला, सिंहगड रस्त्याला गेली. आता तर पेठेच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते. २०२४ च्या सप्टेंबरापासून तिचे स्थानक आपल्या पेठेतच आहे. दूर राहणाऱ्या आपल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकऱ्या करतात. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. परंतु ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी, आणि सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ काही चालू लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, एक आई आणि एक बाळ. अकरा तोंडे नाहीत, हे सुख आहे. पण “तू वर जाऊन नीज” असे म्हणणारेही कोणी नाही. मग बाळाच्या हाती मोबाईल दिला जातो. दोन वर्षांपर्यंत तो देऊच नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते बरोबर आहे. परंतु तो देणाऱ्या आईला दोष देण्यापूर्वी, तिने शेवटचे ऊन जेवण कधी घेतले, हे विचारावे.

माझी सूचना कार्यकारिणीपुढे लेखी दिलेली आहे. येथे ती थोडक्यात मांडते. मंडळाचे सभागृह दुपारी रिकामे असते. मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते पाच, ते लहान बाळांच्या आयांसाठी उघडावे. सतरंज्या आहेतच; दोन पाळणे आणि पाण्याची गाळणी एवढाच खर्च. आपल्यातील ज्या आज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी बाळे घ्यावीत, आणि आयांनी बसावे, बोलावे, हवे तर शेजारच्या खोलीत निजावे. कोणीही कोणाला उपदेश करू नये, हा एकच नियम. काही सभासदांचे म्हणणे असे की, ज्ञातीचा पैसा गुणवंतांच्या सत्कारासाठी आहे. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार अवश्य व्हावा. मी स्वतः त्या निधीत वर्गणी देते. पण ती मुले सोळा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी कडेवर होती.

निर्णय होईल तेव्हा होवो. चिटणीसांनी मला किल्लीची परवानगी एका महिन्यापुरती दिली आहे. येत्या मंगळवारी दोन वाजता मी सतरंजी टाकून बसेन. कोणी आले नाही तरी पाचपर्यंत बसेन. येताना बाळाची वाटी-चमचा तेवढा आपला आणावा. पातेले आणि उलथणे माझ्याकडे आहे.